ठिपक्याचा पाय पुढे

मी ज्या कंपनीत काम करते ती आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू ऑनलाइन विकते. वॉकर, कुबड्या, कंबरेचे पट्टे, पाण्याच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या. सगळा माल दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये असतो आणि त्याच गोडाऊनच्या पोटमाळ्यावर आम्ही बसतो. आम्ही म्हणजे ग्राहकांशी चॅटवर बोलणारे अकरा जण. आमच्या खोलीला एक लांबलचक काच आहे, पण ती बाहेरच्या बाजूला नाही, आत गोडाऊनच्या बाजूला आहे. तिच्यातून खाली रॅकच्या रांगा, ढकलगाड्या आणि खोक्यांवर स्टिकर लावणाऱ्या बायका दिसतात. आवाज येत नाही. दिवसा किती वाजले हे उजेडावरून कधीच कळत नाही.

ही नोकरी मला बाबांच्या ओळखीतून मिळाली. बाबा शाळेत क्लार्क आहेत. मुलाखतीत विचारलं होतं, फोनवर बोलाल की चॅटवर? मी लगेच चॅट म्हटलं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच राहतो. चॅटवर आवाज लागत नाही, एवढाच विचार मी केला होता. घरी आईने सगळ्या नातेवाइकांना कळवलं की इंग्रजी शाळेत घातल्याचं चीज झालं. त्यानंतर मला तिथे आवडत नाही हे सांगायची सोयच राहिली नाही. जेवताना एक-दोनदा विषय तोंडापर्यंत आला, तेव्हा मी अजून थोडा भात वाढून घेतला.

चॅटवर आम्हा अकरा जणांचं नाव एकच आहे. एका मुलीचं, छोटंसं. मुलगेसुद्धा त्याच नावाने बोलतात. समोरच्याला वाटतं, आपण रोज एकाच मुलीशी बोलतोय. "काल तुम्हीच म्हणालात ना," असं कुणी लिहितं तेव्हा काल माझी सुट्टी असते. उत्तरंही आमची नसतात. तयार उत्तरांची एक यादी आहे, तिच्यातून निवडून पाठवायचं. ती इंग्रजीत आणि हिंदीत आहे. माणसाने मराठीत विचारलं तरी त्याला उत्तर इंग्रजीत जातं. पहिलं वाक्य ठरलेलं: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा पाठवते की एकदा घरी माझ्या कोपराने बाबांचा चहा सांडला, तर डोक्यात आधी तेच आलं, इंग्रजीत.

अजून एक नियम आहे, तो सांगायला हवा. ग्राहकाने चॅटमध्ये 'थँक्यू' किंवा 'धन्यवाद' लिहिलं आणि पुढची पाच मिनिटं काही लिहिलं नाही, तर सिस्टिम समजते की काम झालं. तक्रार आपोआप बंद होते आणि तिच्यापुढे 'सोडवली' असं लागतं. बंद झालेल्या तक्रारीत आम्हाला काही लिहिता येत नाही. त्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि ती जाते आमच्यातल्या दुसऱ्याच कुणाकडे.

ज्याने हा नियम केला त्याला वाटलं असणार, माणसं काम झाल्यावर आभार मानतात. आपल्याकडची साधी माणसं काम सांगतानाच आभार मानतात. "जरा बघता का, धन्यवाद." जी चिडलेली असतात, शिव्या देतात, ती आभार मानत नाहीत. त्यांच्या तक्रारी उघड्या राहतात, तिसऱ्या दिवशी लाल होतात, आणि मग टीम लीडर स्वतः फोन करतो. नम्र माणसांच्या तक्रारी त्याच दिवशी सुटतात. भिंतीवरच्या तक्त्यात आमची टीम नेहमी चांगली दिसते.

एका सोमवारी सकाळी माझ्याकडे एका बाईंचं चॅट आलं. कोकणातलं तालुक्याचं गाव. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होत्या. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, खाली बसता येत नव्हतं. आमच्याकडून कमोडची खुर्ची मागवली होती.

"खुर्ची जोडली पण डुगडुगते. आई एकदा बसली आणि कलंडता कलंडता वाचली. आता ती बसायलाच तयार नाही. काय चुकतंय सांगाल का? धन्यवाद."

मी दिलगिरी पाठवली. मग यादीतलं दुसरं वाक्य: आपण ही वस्तू परत करू इच्छिता का?

"परत नको मॅडम. दुसरी यायला आठ दिवस लागतील, तोवर आईला काय करू? कशी जोडायची तेवढंच सांगा. खोक्यात कागद नव्हता. थँक्यू."

मी खुर्चीच्या पानाची लिंक पाठवली. त्या पानावर एका हसऱ्या आजींचा खुर्चीत बसलेला फोटो आहे, समोरून. पाय कसे लावायचे याबद्दल एक अक्षर नाही. हे मला पाठवल्यावर कळलं, कारण ते पान मी तोवर कधी उघडून बघितलं नव्हतं. पाच मिनिटांनी चॅट बंद झालं. सोडवली.

का कोण जाणे, मी त्या बाईंच्या जुन्या तक्रारी उघडल्या. हे चौथं चॅट होतं. चारही वेळा आमच्यातलं वेगळं कुणीतरी, आणि चारही वेळा तीच दिलगिरी, तीच लिंक. शुक्रवारच्या चॅटमध्ये त्यांनी लिहिलं होतं: "आईने कालपासून पाणी जवळजवळ बंद केलंय, म्हणजे जावं लागणार नाही. मी एकटीच आहे, मला तिला उचलता येत नाही. डॉक्टर म्हणतात पाणी भरपूर द्या." त्याखाली आमचं उत्तर. त्याखाली त्यांचं "ठीक आहे, धन्यवाद."

पाणी बंद करण्याचं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या पोटमाळ्यावर बायकांचं टॉयलेट नाही. ते खाली, गेटच्या बाजूला आहे. जायचं तर टीम लीडरला सांगायचं, पडद्यावर ब्रेकचं बटण दाबायचं, आणि मग मिनिटं मोजली जातात. आम्ही सगळ्या मुली बाटली भरून आणतो आणि तशीच घरी नेतो. त्या आधीच्याच महिन्यात मी लघवीच्या जळजळीसाठी औषध घेतलं होतं. मी चोवीस वर्षांची आहे, धडधाकट आहे. त्या आजी अंथरुणावर होत्या.

शेजारी बसते ती माझ्यापेक्षा जुनी आहे. टाइप करता करता बोलू शकते. मी तिला हळूच विचारलं, "ती कमोडची खुर्ची कशी जोडतात, तुला माहितीये?"

"आपल्याला कशाला माहीत असेल? आपण दिलगीर डिपार्टमेंट."

मग मी टीम लीडरकडे गेले. त्यांच्याकडे स्वतःहून जायची ती माझी बहुतेक पहिलीच वेळ. "सर, एक चेअर आहे, कस्टमरला जोडता येत नाही..."

"रिटर्न डालो."

"त्या रिटर्न नको म्हणतात."

त्यांनी माझ्या पडद्यावर नजर टाकली. "ये तो क्लोज है. क्लोज है तो प्रॉब्लेम क्या है? बैठो, क्यू में बाईस लोग हैं."

मी बसले. बसताना काचेतून खाली बघितलं. परत आलेल्या मालाच्या कोपऱ्यात एक बाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांच्याखाली तसलीच कमोडची खुर्ची होती. अजिबात डुगडुगत नव्हती.

आम्हाला खाली गोडाऊनमध्ये जायची परवानगी नाही. आमच्या कार्डाने तो दरवाजाही उघडत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत खालच्या बायका ये-जा करतात म्हणून दरवाज्यात खोकं सारून ठेवतात, हे मी वरून रोज बघायचे. त्या दिवशी डबा न उघडता मी लोखंडी जिना उतरले. कुणी अडवलं नाही. वरून एवढ्या ओळखीच्या वाटणाऱ्या जागेत मला कुठे वळायचं ते कळेना.

चहा पिणाऱ्या त्या बाई कोपऱ्यातच होत्या, सोबत आणखी एक. वडप्याच्या पुढच्या कुठल्याशा पाड्यावरून दोघी येतात, हे नंतर कळलं.

"मावशी," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य गेलं.

"तू वरची ना गं? काचतली?"

"हो."

"आमी बगतो ना तुमाला खालून. पेटीतल्या मासोळ्यांवानी दिसता." दोघी हसल्या. "काय पायजे?"

"ही खुर्ची कशी जोडतात?"

"घरी कोन पडलंय?"

"कुणी नाही. एका कस्टमरना सांगायचंय."

"मंग सांग ना."

"मला माहीत नाही."

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. चेष्टा करतेय का हे पडताळत असाव्यात. "इकता तुमी, आन् तुमाला ठावं न्हाय?"

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, परत आलेल्यांपैकी एक खुर्ची ओढली आणि उलटी केली. "ही बग. काल परत आली. ती पन, ती पन. सगल्या चांगल्या हायेत. लोक मागचा पाय म्होरं लावतात आन् बोलतात डुगडुगते." त्यांनी एक पाय उपसून माझ्या हातात दिला. नळीच्या आतल्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढा खोलगट ठिपका होता. "ठिपका हाय तो म्होरं. बिनठिपक्याचा मागं. बराबर बसला तर टक् करून वाजतो. न्हाय वाजला तर काडायचा."

त्यांनी चार पाय चार वेळा वाजवले. सकाळी खालच्या लॉकरमध्ये मोबाइल ठेवून वर खोली गाठायला मला जेवढा वेळ लागतो, त्याहूनही कमी वेळात खुर्ची उभी राहिली.

"बस आता."

मी कचरले.

"बस की. लाजतंस कशाला, कोरी हाय."

मी बसले. खुर्ची हलली नाही. दुसरी बाई म्हणाली, "फोटू काडा हिचा, वर लावा," आणि पुन्हा दोघी हसल्या. मलाही हसू आलं.

"हे वर कुणाला सांगितलंत का तुम्ही?" मी उठता उठता विचारलं.

"कोनाला सांगनार? आमाला वर येऊ देत न्हाय. सायबाला सांगितलावता एकदा. तो बोलला, तू स्टिकर लाव."

मी तीन मिनिटं उशिरा जागेवर आले. नावापुढे लाल खूण पडली. आता मला उत्तर माहीत होतं आणि ते पाठवायला जागा नव्हती. तक्रार बंद होती. बाईंचा फोन नंबर आमच्या पडद्यावर चांदण्यांच्या खुणांखाली झाकलेला असतो, शेवटचे दोन आकडे तेवढे दिसतात. त्यांनी पाचव्यांदा स्वतःहून लिहिलं तरच काही होणार, आणि ते लिहिणं आमच्या अकरांपैकी कुणाकडेही जाणार. तो दिलगिरी पाठवणार, लिंक पाठवणार. त्या "धन्यवाद" म्हणणार.

दुपारभर प्रत्येक नव्या चॅटला मी आधी गावाचं नाव बघत होते. सगळ्यांना सांगून ठेवायचं हा साधा उपाय मला केव्हाच सुचला होता. पण त्या खोलीत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. मला तिथे 'सायलेंट मोड' म्हणतात. मी ते वाक्य मनात आधी इंग्रजीत केलं, मग हिंदीत, मग मराठीत. चार वाजून गेले. शेवटी उभी राहिले.

"एक मिनिट," मी म्हटलं. कीबोर्ड चालूच राहिले. मी पुन्हा म्हटलं. "कोकणातल्या एक बाई कमोडच्या खुर्चीबद्दल लिहितील. त्यांना टेम्पलेट पाठवू नका. मला हाक मारा."

कीबोर्ड थांबले. मग मागून एक पोरगा म्हणाला, "अरे, सायलेंट मोड में स्पीकर भी है." सगळे हसले.

"क्या चल रहा है? बैठो," टीम लीडर म्हणाले.

मी बसले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी त्यांना हाक मारायला सांगितलं, पण उत्तर सांगितलंच नाही. ठिपक्याचा पाय पुढे, एवढीच गोष्ट. ती सांगितली असती तर अकरांपैकी कुणीही त्या बाईंना सांगू शकला असता. जे मला कळलंय ते आपल्यापाशीच ठेवायची माझी लहानपणापासूनची सवय. पुन्हा उभं राहायचं बळ त्या दिवशी उरलं नव्हतं. त्या बाईंनी संध्याकाळपर्यंत लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कामतघरहून सुटलेली बस हायवेला लागायच्या आधीच अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. त्या रस्त्यावर हे नवीन नाही आणि उतरून चालत जाण्यासारखं अंतरही नाही. मी खिडकीला टेकून बसले होते आणि नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. आमच्या खोलीत चॅट नऊला सुरू होतात.

मी पोचले तेव्हा जिन्यातूनच शेजारणीचा आवाज आला. "ए सायलेंट मोड, पळ. तुझी बाई धरून ठेवलीये."

ती कल्याणहून येते, तिला ट्रॅफिक लागला नव्हता. बाईंचं चॅट बरोबर तिच्याकडे आलं होतं. दर नव्वद सेकंदांत काहीतरी पाठवलं नाही तर चॅट निसटतं, म्हणून तिने 'कृपया थांबा, आम्ही तपासत आहोत' हे तयार वाक्य एकामागून एक पाठवलं होतं. मी मोजलं, सात वेळा. सातही वेळा बाईंनी "ठीक आहे" लिहिलं होतं.

"एकदा जरी थँक्यू म्हणून थांबली असती ना, गेली असती," शेजारीण म्हणाली आणि खुर्चीसकट बाजूला सरकली.

मी उभ्यानेच टाइप केलं. मराठीत, इंग्रजी अक्षरांत. मराठी लिहायची सवय शाळेतच सुटलेली, तरी अडखळले नाही. "ताई, खुर्ची परत पाठवू नका. ती चांगली आहे. उलटी ठेवा. नळीच्या आत ठिपका आहे ते दोन पाय पुढे लावा, ठिपका नाही ते मागे. टक् आवाज यायला हवा. आधी तुम्ही बसून बघा, मग आईंना बसवा. मी थांबते."

पुढे काहीच आलं नाही. दोन मिनिटं, चार मिनिटं. चॅट निसटू नये म्हणून मी मधूनमधून 'थांबलेय' एवढंच पाठवत होते. शेजारीण तोवर मागे वळून सगळ्यांना सांगत होती, "ऐका रे, ठिपक्याचा पाय पुढे. कुणी खुर्ची डुगडुगते म्हटलं की हे सांगायचं. सायलेंट मोडचा शोध."

"माझा नाही," मी म्हटलं, "खालच्या मावशींचा." पण तोवर पडद्यावर अक्षरं आली होती.

"टक् वाजलं."

मग, "चारही."

मग, "मी बसले. हलत नाही."

मग पुन्हा बराच वेळ नुसत्या माझ्याच 'थांबलेय'च्या ओळी. या वेळात टीम लीडर येऊन माझ्या मागे उभे राहिले होते. "ये कौन सी लँग्वेज है?"

"मराठी, सर."

"अलाउड है क्या?"

"नाही, सर."

ते आणखी काही म्हणणार होते, तेवढ्यात आलं: "आई बसली." आणि थोड्या वेळाने, "पाणी मागितलं तिने. देऊन येते."

शेजारणीने माझ्या पाठीवर एक हलकी थाप मारली. मला एकदम बसावंसं वाटलं, पण खुर्ची तिची होती.

'धन्यवाद' न येता काम झालं, तर तक्रार आम्हालाच बंद करावी लागते आणि तेव्हा कारण निवडावं लागतं. ते निवडल्याशिवाय पुढचं चॅट उघडत नाही. यादीत पैसे परत, वस्तू बदलून, डिलिव्हरीची अडचण आणि ग्राहकाची चूक, एवढंच असतं. आम्ही सांगितलं नव्हतं, असं कुठे नसतं. पैसे परत किंवा वस्तू बदलून निवडलं, तर खुर्ची न्यायला लगेच माणूस निघतो. डिलिव्हरीची अडचण निवडली की कुरिअरवाल्याचा जबाब मागवला जातो आणि तक्रार उघडीच राहते, मग ती पुन्हा कुणाच्याही हाती लागून दिलगिरीला सुरुवात होते. उरतं एकच, ग्राहकाची चूक. ते निवडलं की त्या माणसाच्या खात्याला खूण लागते आणि त्याची पुढची तक्रार रांगेत मागे जाते.

"टाक गं काहीतरी," शेजारीण म्हणाली, "वेळ चाललाय."

"कस्टमर एरर डालो," टीम लीडर म्हणाले. "सही भी है. उल्टा जोड़ा था ना उन्होंने."

आजी त्या खुर्चीवर बसल्या होत्या. ती खुर्ची त्यांच्याखाली राहायची तर मला हेच निवडायला लागणार होतं. मी ते निवडलं. हिरवी पट्टी आली, आणि त्याखाली बाईंना जाणारा मेसेज दिसला: आपली तक्रार वापरणाऱ्याच्या चुकीमुळे असल्याने बंद करण्यात येत आहे.

"सर, हा मेसेज थांबवता येतो का?"

"ऑटोमॅटिक है." त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "तुम्हारा लॉग-इन कहाँ है अब तक?"

मी माझ्या जागेवर जाऊन लॉग-इन केलं. नावापुढे उशिराची वेळ नोंदली गेली.